‘अहो’ म्हटलं की वास येत नाही

"फुंक. माझ्याकडे नको, ह्याच्या नाकात फुंक."

फौजदारसाहेब हे वाक्य म्हणायचे आणि दोन पावलं मागं सरायचे. खिशातला रुमाल काढून स्वतःच्या नाकाला लावायचे. मग समोरचा माणूस माझ्या तोंडाजवळ तोंड आणायचा आणि फुंकायचा. ट्रकवाला, टेम्पोवाला, स्कूटरवाला, जो असेल तो. कुणाच्या तोंडात देशी, कुणाच्या तोंडात बिअर. कुणाचे दात किडलेले, कुणी कच्चा कांदा खाल्लेला, कुणी नुकताच ओकून आलेला. सगळं माझ्या तोंडावर यायचं. मी डोळे मिटायचो नाही. एकदा मिटले होते तर साहेब म्हणाले, "लाजतोस काय, लग्न लागतंय का तुझं?"

बाजूला बारचा वेटर, पानवाला, आधी तपासून सोडलेले ड्रायव्हर, असे दहा-बाराजण उभे असायचे. बघायला येतंच की माणूस. अंगावर खाकी, डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, आणि मी लोकांची तोंडं हुंगतोय. कुत्रंसुद्धा आपल्या मर्जीनं हुंगतं. मला ती मर्जीही नव्हती.

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. पालघर जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आमची वसई ठाणे जिल्ह्यातच होती. पूर्वेला सातिवलीकडे शेतं बुजवून गाळे आणि गोडाऊनं उठत होती, आणि महामार्गाच्या कडेला परमिट रूम. ट्रक वाढले, बार वाढले, मढी वाढली. मग वरून हुकूम आला, की बारच्या बाहेर उभं राहायचं आणि पिऊन गाडी चालवायला निघालेल्याला तिथंच धरायचं. हुकूम चांगला होता. हे मी आजही म्हणतो. पिऊन चालवणाऱ्यांनी रस्त्यावर पाडलेली माणसं मी माझ्या हातांनी चादरीत गुंडाळलेली आहेत.

तोंडाचा वास मोजायचं यंत्र मुंबईत कुठं आलं असेल तर असेल. आमच्या पोलीस ठाण्यात यंत्र म्हणजे मी.

मीच का? शिपाई तर आम्ही बरेच होतो. पहिल्या दिवशी साहेबांनी रांगेवरून नजर फिरवली, माझ्याकडे बोट केलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ह्याला घ्या. ह्याच्या लोकांना वासाचं काही वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं तयार नाक आहे."

रांगेत हशा झाला. माझ्याबरोबर भरती झालेला, माझ्या डब्यातलं खाणारा एक दोस्त होता, तोही हसला. मीही हसलो. हे सांगायची लाज वाटते, पण सांगायचंच तर सगळं सांगायला हवं. मीही हसलो.

माझ्या आजानं गावची मेलेली ढोरं ओढली. बापानंही ओढली. आम्ही धर्म बदलला आणि वस्तीनं ते काम टाकलं, तेव्हा मी शाळेत दुसरीत होतो. बाप मिठागरावर जायला लागला. ढोरं सुटली, पण आमच्या अंगाला वास येतो ही गोष्ट गावाच्या डोक्यातून सुटली नाही. मास्तर मला खिडकीशी बसवायचे. वारा जिथून आत येतो त्या खिडकीशी नाही, जिथून बाहेर जातो त्या.

नाक मात्र खरंच तयार होतं. ते का, हे साहेबांना माहीत नव्हतं. बाप प्यायचा. ढोर ओढायच्या दिवसांतली सवय. शुद्धीत ते काम होत नाही म्हणायचा. काम सुटलं तरी सवय राहिली. दिवेलागणीला तो दारात आला की आई मला पुढं करायची. मी धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारायचो, तो वाकून मुका घ्यायचा, आणि मी वळून आईकडं बघायचो. वास असला की आई धाकटीला उचलून मागच्या दारानं शेजारी जायची. नसला की ताट वाढायची. किती प्यालाय, काय प्यालाय, आज मार आहे की नुसत्या शिव्या, एवढं सगळं मी एका मुक्यावरून ओळखायचो. माझं नाक जातीनं तयार झालेलं नव्हतं, भीतीनं झालेलं होतं. म्हणून मी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही.

हाच बाप एकदा शुद्धीत असताना मला म्हणाला होता, "पोलिसात जा. खाकीला वास हाय का नाय, कोन इचारत नाय." भरती झालो त्या दिवशी त्यानं माझी टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून आरशात बघितली. तो गेला तेव्हा मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. एका अर्थी बरं झालं, त्याला पुढचं बघावं लागलं नाही.

साहेबांची एक रीत होती. सुरुवातीला मला ती कळेना आणि त्यापायी मी शिव्या खाल्ल्या. गाडी थांबली, माणूस उतरला, की साहेब मला हाक मारायचे. मी वास घ्यायचो, आला तर आला सांगायचो, नाही तर नाही. दोन-तीनदा साहेब संतापले. मला वाटलं माझं काही चुकतंय. शेवटी आमच्या हवालदारानं मला बाजूला घेतलं. पंचनामे तोच लिहायचा. वयानं मोठा, दोन मुली उजवायच्या बाकी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो म्हणाला, "वास तोंडात नसतो, हाकेत असतो. साहेब 'बघ रे' म्हणाले की येतो. 'अहो, जरा बघा' म्हणाले की येत नाही. सोपं आहे."

खरंच सोपं होतं. ट्रकवाला आला की "बघ रे". केरसुण्या विकून परतणारा आदिवासी सायकलवरून चाललाय, तरी "बघ रे". गाळ्याचा मालक आला, जमिनीचा दलाल आला, पुढाऱ्याचा मेहुणा आला, की साहेबांचा आवाज लोण्यासारखा व्हायचा. "अहो, जरा बघा यांचं." आणि मी पुढं होऊन, तोंडाजवळ तोंड नेऊन, मागं वळून म्हणायचो, "येत नाही साहेब."

आता यातली खरी गोम सांगतो. मला ठाण्यात कुणी अहो म्हणत नव्हतं. ठाण्यात अरे, नाक्यावर अरे, साहेबांच्या बंगल्यावर भाजी पोचवायला गेलो तर नुसतं ए. आणि ते 'अहो' कानावर पडलं की मला बरं वाटायचं. खोटं बोलायची खूण आहे हे माहीत असून बरं वाटायचं. पाठ जरा ताठ व्हायची. दोन अक्षरांच्या मानासाठी मी कितीजणांना पिऊन गाडी चालवायला मोकळं सोडलं, याचा हिशेब कुणी मागितला नाही. त्यातला कोण पुढं जाऊन कुणाच्या अंगावर गेला, हेही मला माहीत नाही.

घरी वेगळंच. माझ्या सदऱ्याला दुसऱ्यांच्या तोंडाचा वास लागलेला असायचा. बायको कपडे वेगळे भिजवायची. पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं होतं, ते मी विसरलो नाही. वस्तीत कुजबूज सुरू झाली, की बापावर गेला. आता मी पीत नाही हे कुणाकुणाला फुंकून दाखवणार?

असं वर्षभर चाललं. मग तो रविवार आला.

दुपारचे तीन वाजले असतील. आम्ही महामार्गाच्या फाट्यावरच्या बारबाहेर उभे होतो. साहेब सावलीत खुर्ची टाकून, हवालदार मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून, मी उन्हात. तेवढ्यात इनासचा टेम्पो आला.

इनास गिरीजचा. एका वाडीवाल्याकडे टेम्पोवर होता, केळी आणि भाजी बाजारात न्यायचा. मी त्याला तोंडओळखीनं ओळखत होतो. नाक्यावर अडवलं तर हसत कागद काढायचा आणि निघताना "येतो, दादा" म्हणायचा. मला दादा म्हणणारा त्या रस्त्यावरचा तो एकटा. त्या दिवशी नंदाखालला त्याच्या बहिणीच्या मुलाचा बाप्तिस्मा होता. जेवणं उरकून तो सातिवलीच्या पाहुण्यांना सोडायला चालला होता. मागं बाया होत्या, पोरं होती, त्याची म्हातारी आई होती. पोरांना तहान लागली म्हणून त्यानं बारच्या दारातल्या पानवाल्यापाशी टेम्पो थांबवला आणि सोड्याच्या बाटल्या घ्यायला उतरला.

आतून एक पांढरी मोटार निघाली. चालवणारा शेठ एका गाळ्याचा मालक, साहेबांच्या उठण्याबसण्यातला. मोटार सरळ यायची ती तिरपी आली आणि टेम्पोच्या कडेला जोरात घासली. मागचा दिवा फुटला. फळीवर बसलेली म्हातारी खाली कोलमडली. लागलं थोडंसंच, पण पोरं रडायला लागली. इनास धावला. आईला उठवून बसवलं, बाटल्या पोरांच्या हातात दिल्या, आणि मग मोटारीच्या काचेपाशी गेला.

"शेठ, खाली उतरा. तुम्ही प्यालेत. अशी गाडी चालवू नका, पुढं कुनाला तरी माराल."

आवाजही चढवला नाही. सरकारनं आम्हाला जे म्हणायला तिथं उभं केलं होतं, तेच तो म्हणाला.

शेठनं साहेबांना हाक मारली आणि सांगितलं, की हा मला अक्कल शिकवतोय. साहेब खुर्चीवरून उठले. रुमाल काढला. माझ्याकडं वळले.

"अहो, जरा शेठचं बघा."

मी काचेपाशी वाकलो. शेठ हसत होता. त्यानं मुद्दाम गाल फुगवले आणि लांब श्वास सोडला. व्हिस्की, सिगारेट, तळलेले शेंगदाणे. थुंकीचा एक शिंतोडा माझ्या ओठावर पडला. मी तो पुसला नाही, कारण पुसला असता तर आला म्हटल्यासारखं झालं असतं.

"येत नाही साहेब."

"आता बघ रे ह्याचं."

इनास समोर येऊन उभा राहिला. डॉक्टरनं 'आ कर' म्हटल्यावर पोरं करतात तसं तोंड उघडून त्यानं फुंकलं. जितका श्वास होता तितका. तळलेल्या पिठाचा वास आला, मटणाच्या मसाल्याचा आला, बडीशेपेचा आला. दारूचा नाही. बापाच्या मुक्यावर तयार झालेलं नाक होतं माझं, ते चुकत नव्हतं. मी गप्प राहिलो.

मी गप्प राहिलो म्हणून साहेबांनी त्यालाच विचारलं, सकाळपासून काय काय खाल्लं-प्यालास सांग.

एखादा दुसरा असता तर पाणी म्हणाला असता आणि गप्प बसला असता. पण इनास दर महिन्याला देवळात फादरसमोर गुडघे टेकून पापनिवेदन करणारा माणूस. विचारलं की सगळं सांगायचं, बारीकसारीकही गाळायचं नाही, हीच त्याची सवय. त्यानं आठवून आठवून सांगितलं. चहा. मटण. भात.

"आनि फुगे खाल्ले, साहेब."

बघे फिदीफिदी हसले. साहेबही हसले. फुगे कसले खातोस म्हणाले. इनासनं समजावलं, की हे वाऱ्याचे फुगे नव्हेत, पिठाचे तळलेले गोळे असतात, आमच्यात लग्नाला, बारशाला करतात. आणि मग त्यानं ती चूक केली. अशी चूक त्याच्या गावचाच माणूस करू जाणे.

"पिठात ताडी घालतात, फुगायला. त्याचा वास आला असंल तर असंल."

साहेबांनी मान न वळवता हवालदाराला सांगितलं, "लिहा. आरोपीनं ताडी घेतल्याचं कबूल केलं."

इनासला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हात जोडून सांगायला लागला, की घेतली नाही, पिठात असते, तळल्यावर काही राहत नाही, पोरंसुद्धा खातात. टेम्पोतल्या बाया ओरडून तेच सांगायला लागल्या. एकीनं तर डबा उघडून उरलेले फुगे पुढं केले. तो डबा साहेबांनी काठीनं बाजूला सारला आणि मला विचारलं, "काय रे? येतो ना?"

सगळे माझ्याकडं बघत होते. बाया, पोरं, पानवाला, इनास. इनासच्या डोळ्यांत भीती नव्हती. दादा खरं ते सांगणार, एवढंच होतं. शेठ मोटारीला टेकून सिगारेट ओढत होता. माझ्या डोक्यात काय आलं? नोकरी आली. भाड्याची खोली आली. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती, ती आली. खिडकीशी बसवणारे मास्तर आले.

"येतो साहेब."

"कसा?"

मी बोलायच्या आत हवालदारानं लिहून टाकलं होतं. पंचनाम्यातलं ते ठरलेलं वाक्य, वर्षानुवर्षं चालत आलेलं. सदर इसमाच्या तोंडास दारूचा उग्र वास येत असून त्याचे डोळे लाल व चाल अडखळती आहे. पानवाल्यानं आणि वेटरनं पंच म्हणून सह्या केल्या. खाली मी केली.

दवाखान्यात नेलं. रविवार होता, डॉक्टर घाईत होते. रक्त घ्यायची बाटली संपलेली. आमच्या पत्रावरचेच शब्द त्यांनी सर्टिफिकेटवर उतरवले. म्हणजे ती आख्खी केस माझ्या नाकावर उभी राहिली. टेम्पो ठाण्यात जमा, लायसन जमा. पाहुणे पोरांना घेऊन उन्हातून पायी निघाले. इनासची आई माझ्या जवळून गेली. मला वाटलं शिव्या देईल, तळतळाट देईल.  तिनं फक्त पदर नाकाला लावला.

जन्मभर लोकांनी मला बघून नाकाला पदर लावले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हिचं बरोबर आहे.

पुढचे महिने नुसते बघत राहण्याचे. लायसन नाही म्हणून वाडीवाल्यानं थोडे दिवस वाट बघितली आणि दुसरा ड्रायव्हर ठेवला. इनास डोक्यावरून केळीचे घड वाहायला लागला. मला रस्त्यात दिसायचा. आता तो हसायचा नाही, वळून दुसरीकडं बघायचा. एकदा सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत मी गिरीजला गेलो. तो वाडीत पाण्याचा पाट वळवत होता. मी बांधावर उभा राहिलो. त्यानं मला बघितलं, फावडं टेकवून थांबला. मी काय बोलणार होतो? चूक झाली म्हणणार होतो, आणि उद्या पुन्हा बारबाहेर उभा राहून तेच करणार होतो. मी परत फिरलो. नाक मुठीत धरून जगायची सवय एका दिवसात जात नाही.

कोर्टाची तारीख लागली. आदल्या दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी समोरच्या खुर्चीकडं हात केला. मी त्या खुर्चीवर कधी बसलो नव्हतो.

"अहो, बसा ना. उद्या कोर्टात नीट सांगा. नुसता वास म्हणू नका, तो सुटेल. उग्र म्हणायचं. उग्र."

मी बसलो. हो म्हणालो. बाहेर आलो आणि व्हरांड्यातच पाय थांबले. तोपर्यंत मी मनाची एक समजूत घालत होतो, की त्या ताडीच्या गोष्टीनं साहेबांना खरंच संशय आला असेल. त्यांना वाटत असेल हा प्यालाय. माणूस चुकतो. पण आज समोर शेठ नव्हता, पुढारी नव्हता, कुणी ऐकणारं नव्हतं, आणि तरी मला 'अहो' होतं. म्हणजे उद्या मी जे सांगणार ते खोटं आहे, हे त्यांना माझ्याइतकंच पक्कं माहीत होतं. आणि दोन अक्षरं फेकली की हा सांगेल, हेही माहीत होतं. माझी किंमत त्यांना माझ्यापेक्षा बरोबर कळली होती. मला इतका राग कधी आला नव्हता, आणि तो साहेबांपेक्षा माझाच जास्त आला.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभा राहिलो. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी सवयीनं विचारलं, आरोपीच्या तोंडाला कसला वास येत होता.

"तळलेल्या पिठाचा," मी म्हणालो.

वकिलांनी कागदातून डोकं वर काढलं. पंचनाम्यात उग्र वास लिहिलाय, खाली तुमची सही आहे, म्हणाले. मी म्हणालो, सही माझी आहे, उग्र हा शब्द माझा नाही. दारूचा वास ह्या माणसाला नव्हता. तो मोटारवाल्याला होता. त्याला नाही म्हणून मी सांगितलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिहिणं थांबवलं. त्या दिवशी तुम्ही वास येतो म्हणालात की नाही, त्यांनी विचारलं. म्हणालो, होय. का म्हणालात? भिऊन म्हणालो.

 वकिलांनी मी फितूर झाल्याचं सांगून उलटतपासणी मागितली. एकामागून एक प्रश्न. तू डॉक्टर आहेस का? नाही. वासाचं शिक्षण घेतलंयस का? नाही. मग दारूचा वास नव्हता हे तुला कशावरून कळतं?

कोर्ट भरलेलं होतं. मागच्या बाकावर साहेब बसले होते. माझ्या गावची दोन माणसंही कसल्या तरी दाव्यासाठी आलेली होती. जी गोष्ट मी बायकोलाही पुरती सांगितली नव्हती, ती तिथं सांगितली.

"माझा बाप प्यायचा. वास बघायला आई मला पुढं करायची."

कुणी हसलं नाही. वकील खाली बसले. निकाल पुढच्या तारखेला इनासच्या बाजूनं लागला, पण केस त्याच दुपारी पडली हे सगळ्यांना कळलं होतं.

साक्ष संपल्यावर मी कोर्टाच्या व्हरांड्यात इनासपाशी गेलो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं तो माझा हात हातात घेईल. दादा म्हणेल. त्याची आई शेजारी उभी होती. इनासनं माझ्याकडं नीट बघितलं. राग नव्हता त्याच्या बोलण्यात, त्यामुळंच जास्त लागलं.

"मी पिठातली ताडीसुद्धा लपवली नाय. तुम्ही येवढं लपवलंत."

एवढं म्हणून तो आईला घेऊन निघून गेला. त्याला टेम्पो पुन्हा मिळाला नाही. खरं बोललो म्हणून गेलेली गोष्ट परत येत नाही.

ठाण्यात परतलो तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती. साहेबांनी सगळ्यांना पटांगणात उभं केलं. मला समोर बोलावलं. कोर्टात हा शुद्धीत नव्हता, म्हणाले. मग माझ्या त्या दोस्ताकडं वळले, पहिल्या दिवशी रांगेत हसलेल्या.

"बघ रे ह्याचं."

तो माझ्यासमोर आला. त्याचे ओठ थरथरत होते. मी फुंकलं नाही. तोंड घट्ट मिटून उभा राहिलो. तरी तो वळला आणि खालमानेनं म्हणाला, "येतो साहेब." हवालदारानं लिहिलं, काय लिहिलं ते मला पाठ होतं. माझ्यापुढं कागद आला आणि सहीसाठी पेन आलं. मला त्या दोस्ताचा राग आला नाही. मी वर्षभर जिथं उभा होतो तिथंच तो उभा होता, आणि त्याला बघून मला माझा चेहरा पहिल्यांदा बाहेरून दिसला. किती घाण दिसतो माणूस भ्यालेला असला की.

मी सही केली नाही. साहेबांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. मी म्हणालो, "नाही करणार." त्यांनी आत नेऊन पट्टा काढून टेबलावर ठेवायला लावला. निलंबनाचा कागद मागाहून घरी आला.

त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती रडली, भांडली, मग चुलीपाशी जाऊन बसली. मी तिच्या हिशेबाच्या वहीतली मागची कोरी पानं फाडून घेतली आणि वरच्या साहेबांच्या नावानं लिहायला बसलो. इनासची केस कोर्टात मिटल्यात जमा होती. बाकीच्यांची कुठं मिटली होती? "येतो" म्हणून मी ज्यांना आत घातलं ते सगळे, आणि "येत नाही" म्हणून ज्यांना सोडलं ते सगळे. नाव आठवलं तिथं नाव लिहिलं. नाही आठवलं तिथं गाडी, बार, वार, अंगातला सदरा. तो सायकलवाला आदिवासी आठवला, त्याच्या केरसुण्या आम्ही जप्त केल्या होत्या, ते लिहिलं. उग्र हा शब्द कुठंही घातला नाही.

बायकोनं चुलीपासून उठून वाचलं. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं, तिला वेळ लागला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, की ह्यात साहेबांच्या आधी तुम्हीच अडकाल.

अडकणार, मी म्हटलं. म्हणूनच गुन्हेगारांच्या यादीत पहिलं नाव माझं लिहिलंय, आणि ते मी खोडणार नाही.